टिटवी कोणावर ओरडायची

तीस-बत्तीस वर्षं मी जमीन मोजण्याची सरकारी नोकरी केली. लोक मला 'मोजणीवाले साहेब' म्हणायचे आणि चहा पाजताना माझ्या तोंडाकडे बघत बसायचे, साहेब कोणत्या बाजूला झुकलाय म्हणून. मी कोणत्याच बाजूला झुकत नसे, कारण माझा दोन्ही बाजूंवर विश्वास नसे. फैजपूरकडे केळीच्या बागांत मोजणीला गेलो की थोरला भाऊ म्हणे धाकट्याने बांध कोरला, धाकटा म्हणे थोरल्याने हद्दीचा दगड सरकवला, आणि बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असायचे. दोघांनीही केलेलं असायचं.

दगड सरकवलाय की नाही, हे ओळखायची माझी एक रीत होती. नकाशा नंतर, मोजणीची साखळी नंतर. आधी दगड उचलायचा आणि खाली बघायचं. जुन्या दगडाखाली मुंग्यांची वाट असते, गांडुळांची भोकं असतात, पांढरी बारीक मुळं असतात, एखादा विंचूही निघतो. नव्या दगडाखाली नुसतं दबलेलं पिवळं गवत. मग मी दगड तसाच ठेवायचो आणि म्हणायचो, "भाऊ, हा दगड गेल्या पंधरवड्यात इथे आलाय." समोरच्याचा चेहरा उतरायचा. मला त्याची मजा वाटायची, खोटं कशाला बोलू.

अशा माणसाच्या घरी आजार आला तर तो काय करणार? दगड उचलूनच बघणार.

माझी मुलगी नाशिकला एका कॉलेजात तासिकेवर शिकवायची. तिशी ओलांडलेली, लग्न नको म्हणणारी, हसरी पोरगी. संक्रांतीनंतर तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचा फोन आला की ही आठ दिवसांपासून कॉलेजला जात नाही, अंघोळ करत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते. मी आणि बायको जाऊन तिला धुळ्याला घेऊन आलो. गाडीत ती एकच वाक्य बोलली. "आबा, मला सकाळ होऊच नये असं वाटतं."

त्या वाक्याने माझी झोप गेली ती गेलीच. पोरगी जिवाचं काही बरंवाईट करून घेईल, ही एकच भीती. गच्चीची किल्ली मी खिशात घेऊन फिरू लागलो. बाथरूमची आतली कडी काढून टाकली. घरातल्या गोळ्या, माझ्या बीपीच्या धरून, माझ्या कपाटात कुलपात. बायको म्हणाली, "तिले जराक श्वास लेऊ द्या." मी म्हणालो, श्वास घ्यावा म्हणूनच तर करतोय.

डॉक्टरकडे गेलो. मी त्यांना सरळ विचारलं, हे कोणामुळे झालं? कोणी फसवलं का? कॉलेजात कोणी त्रास दिला? डॉक्टर म्हणाले, असा एखादा माणूस असेलच असं नाही, मनही आजारी पडतं. मला पटलं नाही. बांध कोरला गेलाय म्हणजे कोरणारा असणारच. मी तिचा फोन दोनदा चोरून बघितला. काही सापडलं नाही, तेव्हा माझा संशय आणखी वाढला.

त्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, रोज पहाटे फिरायला जा, झाडं बघ, पाखरं बघ, बारीकसारीक बघत जा. मी मनात म्हटलं, घ्या! झाडं बघून डोकं ताळ्यावर येत असतं तर शेतकऱ्याला कधी चिंताच शिवली नसती. महिनाभर ती उठलीच नाही. आणि मग होळी झाल्यावर एका सकाळी साडेपाचला चप्पल घालून दारात उभी.

"मी जरा जाऊन येते."

"थांब, मी येतो."

"नको आबा. एकटी जाते."

जी पोरगी पाणी प्यायला उठत नव्हती, ती साडेपाचला उठते आणि एकटीच जाते म्हणते! पाणी कुठेतरी मुरत होतं. मी शंभर आकडे मोजले आणि मागे निघालो.

आमचं घर साक्री रोडला, शहर संपता संपता. पुढे माळ आहे. त्यावर काही वर्षांपूर्वी प्लॉट पाडले, मुरूम टाकून रस्ते आखले, एका बाजूला विटांची अर्धवट भिंत उभी केली आणि काम थांबलं. तीन-चार घरं बांधायला निघालीत, त्यांना टँकरने पाणी येतं, बाकी सगळ्या बाभळी, रुई आणि कुसळी गवत. भिंतीच्या पलीकडे एक जुनी विहीर आहे, आणि तिच्या पुढचा कोपऱ्याचा प्लॉट माझा. पोरगी सरळ त्या भिंतीपलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली.

विहीर! भिंतीला कान लावून उभा राहिलो. काही आवाज नाही. डोकं वर काढलं तर ती विहिरीच्या पुढे जमिनीवर उकिडवी बसलेली दिसली, पाठमोरी. इतक्यात डोक्यावर टिटवी कर्कश ओरडायला लागली. टिटवी टिव टिव, टिटवी टिव टिव, घिरट्या घालून घालून. टिटवी घरावरून ओरडत गेली की घरातलं कोणीतरी जातं, असं माझी आई म्हणायची. मी मोजणी खात्यातला माणूस, असल्या गोष्टींना हसणारा. त्या सकाळी मला हसू आलं नाही.

हे रोजचं झालं. ती पुढे, मी मागे, भिंतीआड. ती अर्धा-पाऊण तास बसायची, मग उठून घरी यायची, आणि मी गल्लीतून पळत तिच्या आधी घर गाठायचा प्रयत्न करायचो. बासष्टाव्या वर्षी हे धंदे. आणि रोज, अगदी रोज, मी भिंतीपाशी पोचलो की टिटवी बोंब मारायची.

तिथे एक आक्का शेळ्या चारायला आणते. पाच-सहा शेळ्या, हातात बाभळीचा फोक. तिने एकदा मला हटकलंच. "कोनले दखी ऱ्हायनात भाऊ?"

कोणाला बघताय म्हणून विचारत होती. मी म्हणालो, "कोणाला नाही. हवा खातोय."

"भितना मांगे कसानी हवा शे?" ती म्हणाली आणि शेळ्या हाकत पुढे गेली. भिंतीमागे कसली आलीय हवा, बरोबरच होतं तिचं. मला मात्र वाटलं, ही बाई जास्तच चौकशी करते, हिलाही काहीतरी माहीत असणार.

एप्रिल लागला. ऊन असं की सकाळी आठलाच डोळे उघडवेनात. पोरगी जरा बदलली होती. केस विंचरायची, भाकरी थापायला आईच्या बाजूला बसायची. बायको देवापुढे साखर ठेवायला लागली. मी मात्र कुठेतरी ऐकलं होतं की असं माणूस एकदम शांत झालं तर उलट जपायला हवं. त्यामुळे ती हसली की गच्चीची किल्ली खिशात आहे ना, ते मी चाचपून बघायचो. सुखाने हसू नको म्हणणारा बाप मी, दुसरं काय.

एक दिवस जेवताना ती आपणहून बोलली. "आबा, टिटवी उन्हाच्या वेळी डबक्यात जाऊन पोट भिजवून येते, माहीत आहे तुम्हाला? पोटाची पिसं ओलीचिंब करते आणि..."

"टिटवीचं नाव काढू नकोस या घरात," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं आणि वरणात भाकरी कुस्करायला लागली. बायकोने मला डोळ्यांनीच झापलं. पुढचं वाक्य काय होतं ते मी ऐकून घेतलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं.

त्याच संध्याकाळी, पोरगी पडलेली असताना, मी ठरवलं की भिंतीपलीकडे काय आहे ते एकदा बघूनच यायचं. विहिरीत डोकावलो. तळाशी हिरवं पाणी आणि एक फुटकी बादली. मग पुढे गेलो आणि माझ्या प्लॉटच्या कोपऱ्यावर थबकलो. दहा-बारा दगड गोल मांडलेले, प्रत्येकाला वरून चुन्याचा ठिपका.

इथे मला सांगायला लाज वाटते. मी तिथे लेकीसाठी गेलो होतो आणि लेकीला साफ विसरलो. ती रोज इथेच बसते, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. उरला फक्त मोजणीवाला. चुना लावलेले दगड, माझ्या हद्दीत! एक दगड उचलला, खाली बघितलं. दबलेलं पिवळं गवत. म्हणजे पंधरा दिवसांतलं काम. आज कोपऱ्यात दगड, उद्या खांब, परवा पत्र्याची टपरी. असे कितीतरी पाहिलेत. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या हद्दी राखल्या आणि माझ्याच प्लॉटवर कोणी खुणा मारतो? डोकं फिरलं माझं. एकेक दगड उचलून मी लांब भिरकावला. ती टिटवी वरून नुसती माझ्या टाळूवर झेपा घेत होती. मी तिला हातरुमालाने हाकललं, वर दोन शिव्या दिल्या, आणि फार मोठं काम केल्यासारखा घरी येऊन पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा मागे गेलो. भिंतीपाशी पोचायच्या आतच पोरीचा आवाज आला. ओरडणं नव्हे, रडणं नव्हे, नुसता एक "अगं" असा. मी धावलो. वहाण सुटली ती तिथेच टाकून धावलो, विहिरीकडे बघायचंही धाडस होईना. ती विहिरीत नव्हती. माझ्या प्लॉटच्या कोपऱ्यावर गुडघे टेकून बसली होती.

तिच्यापुढे मुरमात चार अंडी होती. तीन शाबूत, एक चिरडलेलं, त्यावर मुंग्या लागलेल्या. करड्या रंगाची, काळपट ठिपक्यांची अंडी, हुबेहूब मुरमाच्या खड्यांसारखी. आयुष्यभर दगड ओळखण्याची भाकरी खाल्लेला माणूस मी, काल संध्याकाळी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो आणि मला ती दिसली नाहीत. टिटवी पोट भिजवून येते ती ही अंडी गार ठेवायला, हेच पोरगी काल जेवताना सांगत होती.

"बघा आबा," ती म्हणाली. मी तिथे कसा, हे तिने विचारलंही नाही. "मी दगड लावले होते. शेळ्यांचा, टँकरवाल्याचा पाय पडू नये म्हणून चुना लावला होता. कोणीतरी काढून फेकलेत. हा बघा इथे, तो बघा तिथे. मुद्दाम केलंय."

शेळीवाली आक्का येतच होती. पोरगी तिच्यावर उसळली. "आक्का, तुम्ही काढले दगड?"

"मी कसाले काढू माय?" आक्का म्हणाली. "रोज दगड दखीसन बकऱ्या फिरावस. काल सांजले दगडच नव्हतात. बकरीना पाय पडना व्हई."

खरं होतं. आक्का रोज दगड बघून शेळ्या वळवायची. संध्याकाळी दगड नव्हते, शेळीचा पाय पडला. पण पोरगी ऐकायला तयार नव्हती. आक्का खोटं बोलतेय म्हणाली. मग टँकरवाल्याने केलं असेल म्हणाली, त्याला वळसा पडतो म्हणून. मग बांधकामावरच्या माणसांनी. ती वाकून धुळीतले ठसे बघायला लागली, चपलेचा ठसा बोटाने मोजायला लागली. डोळे बारीक केलेले, ओठ घट्ट. तो चेहरा मला ओळखीचा होता. फैजपूरच्या बांधावर, यावलच्या बांधावर, माझाच तो. माझ्या पोरीने माझ्याकडून दुसरं काहीही घेतलं असतं तरी चाललं असतं.

"मी काढले," मी म्हणालो.

तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, सगळं. चुन्याचे ठिपके, प्लॉट, पिवळं गवत. आक्काने कपाळावर हात मारला आणि शेळ्या वळवून निघून गेली, शहाणी बाई.

पोरीने त्या फुटलेल्या अंड्यावरच्या मुंग्या बोटाने झटकल्या. मग रडली. नाशिकहून आणल्यापासून ती रडली नव्हती. मोठ्याने, नाक गळेपर्यंत रडली. मी शेजारी उकिडवा बसलो, एका पायात चप्पल, काय करावं ते कळेना. पाठीवर हात ठेवायलाही भीती वाटत होती.

"तुम्ही रोज का येता माझ्या मागे?" तिने विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"आबा, ही टिटवी मला ओळखायला लागली होती. मी बसले की गप्प असायची. ती ओरडली की मला कळायचं, तुम्ही भिंतीमागे आलात."

म्हणजे ती बोंब माझ्यावर होती. महिनाभर मी तिला मरणाची खूण समजत होतो आणि ती बिचारी सांगत होती की हा एक माणूस लपून बसलाय, जपा. त्या क्षणी मला हसू आलं असतं, पण पोरगी माझ्याकडे बघत होती, उत्तर मागत होती.

मग मी ते बोललो, जे बायकोपुढेही तोंडातून काढलं नव्हतं. "तू विहिरीत उडी टाकशील अशी भीती वाटते मला. रोज वाटते. तू हसलीस तरी वाटते."

ती नाही म्हणेल, असं मला वाटलं होतं. चिडेल, किंवा काहीतरीच काय आबा, असं म्हणेल. ती म्हणाली, "पहिल्या दिवशी मी विहिरीपाशीच आले होते. उभी राहिले. मग ही टिटवी लंगडत लंगडत पुढे चालायला लागली. पंख मोडल्याचं सोंग करत होती. मला अंड्यांपासून लांब न्यायला. मी तिच्या मागे मागे गेले. मग दुसऱ्या दिवशी वाटलं, बघू तरी कुठे आहेत अंडी. तिसऱ्या दिवशी सापडली, तेव्हा एकच होतं. मग दुसरं कधी येतं ते बघू. असं करत करत."

"आणि आता?"

"आता कधी वाटतं, कधी नाही वाटत. आज नाही वाटत."

मी आयुष्यात कोणाचा तोंडी जबाब मानला नव्हता. कागद दाखवा, म्हणायचो. "उद्याचं काय?" मी विचारलं.

"उद्याचं उद्या सांगेन. पण सांगेन. तुम्ही लपून येऊ नका. भीती वाटली तर तुम्हीही तोंडाने सांगा."

आम्ही दगड गोळा केले. ते पुन्हा मांडायचं काम मात्र मी तिला करू दिलं नाही. प्रत्येक दगड अर्धा पुरला, ठोकून बसवला, कोणाच्या लाथेने हलणार नाही असा. आम्ही भिंतीपर्यंत मागे येतो न येतो तोच टिटवी चालत चालत परतली, एकदा इकडेतिकडे बघितलं आणि तीन अंड्यांवर बसली. चौथ्याचा हिशोब तिने कोणाकडे मागितला नाही.

त्यानंतर रोज सकाळी पोरगी फाटकाशी थांबायची आणि म्हणायची, "आज बरं आहे." मग एकटी जायची. मी ओट्यावर बसून राहायचो आणि विचार करायचो, खरंच बरं आहे, की मला बरं वाटावं म्हणून म्हणते? परत आली की तिच्या चेहऱ्याकडे बघायचो, आवाज नीट आहे का ते ऐकायचो. जित्याची खोड. ती काय काय सांगायची. बाभळीच्या काट्यावर खाटीक नावाच्या पाखराने टोळ टोचून ठेवलाय. रुईच्या पानाखाली सुरवंट आहे, काळ्यापिवळ्या पट्ट्यांचा, काल बोटाएवढा होता आणि आज कोशात गेला. तिन्ही पिल्लं बाहेर आली आणि अंगावरचं ओलं वाळतं न वाळतं तोच चालायला लागली. मी हूं हूं करायचो. कधीकधी दुपारी एकटाच जाऊन बघूनही यायचो, ती म्हणाली तसं खरंच आहे का ते. खरंच असायचं. एकदा त्या सुरवंटाचा हिरवा, टिकल्यांसारख्या सोनेरी ठिपक्यांचा कोश बघत मी अर्धा तास उभा होतो. परत येताना लक्षात आलं की तेवढा अर्धा तास मी कशाचाच संशय घेतला नव्हता. घरी आल्यावर पुन्हा सुरू झाला, ती गोष्ट वेगळी.

आषाढात एका सकाळी ती फाटकाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. मी पेपर उघडून बसलो होतो.

"आबा," ती म्हणाली, "आज बरं नाहीये. सकाळपासून तसलेच विचार येताहेत. एकटीने जायची भीती वाटते. तुम्ही चला. आणि आल्यावर डॉक्टरांना फोन करू."

बायको आतून पदराला हात पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली. तिने 'आज बरं आहे' म्हटलेला एकेक दिवस मी मनात उलटापालटा करून बघितला होता, खरं सांगते की नाही म्हणून. आज जे सांगितलं ते तपासून बघावं, असं मला वाटलं नाही. मी पेपर बाजूला ठेवला, चप्पल घातली आणि तिच्या शेजारून चालायला लागलो.